पावणेतेरा क्युसेकचं प्रकरण

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात मिलवॉकी शहरातून पश्चिमेला निघालं की थोड्याच वेळात जमीन हलकेच चढत जाते आणि तशीच हलकेच उतरू लागते. घाट नाही, खिंड नाही. गाडीतल्या माणसाला काही जाणवतही नाही. पावसाला मात्र जाणवतं. या उंचवट्याच्या पूर्वेला पडलेलं पाणी ओढ्यानाल्यांतून मिशिगन सरोवरात उतरतं. पुढे ह्युरन, ईरी, नायगाराचा कडा, ऑन्टॅरिओ असं करत ते सेंट लॉरेन्स नदीतून अटलांटिकला मिळतं. पश्चिमेला पडलेलं पाणी फॉक्स नदीला मिळतं, तिथून इलिनॉय नदीला, मग मिसिसिपीला आणि शेवटी मेक्सिकोच्या आखाताला.

सुमारे सत्तर हजार वस्तीचं वॉकेशॉ शहर या धारेच्या, म्हणजे पाणी दोन दिशांना वाटणाऱ्या या उंचवट्याच्या, पश्चिमेला आहे, अगदी हाकेच्या अंतरावर. सरोवराचा काठ शहरापासून जेमतेम सतरा मैल. 2010 साली या शहरानं रीतसर अर्ज केला: आमच्या विहिरींच्या पाण्यात रेडियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य आहे, आम्हाला मिशिगन सरोवराचं पाणी द्या. त्यानंतर सहा वर्षं आठ राज्यं, कॅनडाचे दोन प्रांत आणि काठावरची शंभराहून जास्त शहरं या एका अर्जावर बोलत, लिहीत, भांडत राहिली. शेवटी जे पाणी मंजूर झालं ते दिवसाला 8.2 दशलक्ष गॅलन, म्हणजे 31 दशलक्ष लिटर. आपल्याकडे धरणातून पाणी सोडल्याच्या बातम्या ज्या मापात येतात त्या मापात पावणेतेरा क्युसेक. पावसाळ्यात खडकवासल्यातून हजारोंनी क्युसेक सुटतात. त्यापुढे हा आकडा नगण्य वाटेल. तरीही विरोध करणाऱ्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही, आणि का, तेच इथे मांडायचं आहे.

आधी वॉकेशॉची बाजू, कारण ती खरी होती. शहराच्या खोल विहिरी वालुकाश्मात आहेत. त्या खडकात रेडियम निसर्गतःच आहे. शरीर रेडियमला कॅल्शियमसारखंच वागवतं, त्यामुळे ते हाडांत जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं साचत राहिलं तर कर्करोगाचा धोका वाढतो. केंद्रीय नियमानुसार लिटरमागे 5 पिकोक्युरी (किरणोत्साराचं एक माप) ही मर्यादा आहे. शहरानं आधी हा नियमच चुकीचा आहे म्हणून कोर्टात दाद मागितली आणि 2003 मध्ये तो दावा हरलं. 2009 मध्ये कोर्टाच्या आदेशानं मुदत ठरली: जून 2018 पर्यंत पाणी नियमात बसलं पाहिजे.

दुसरी अडचण बोअरवेलवर जगणाऱ्या आपल्या गावांना सांगायला नको. वॉकेशॉखालच्या वालुकाश्मावर शेल खडकाचा थर झाकणासारखा बसला आहे, त्यामुळे पावसाचं पाणी सहज खाली मुरत नाही. शतकभर उपसा होत राहिला आणि पातळी शेकडो फूट खाली गेली. जितकं खोल जावं तितकी पाण्याची प्रत बिघडते. म्हणजे शहराचं रडगाणं खोटं नव्हतं.

या शहराला पाण्याचा मोठा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वॉकेशॉ झऱ्यांचं गाव म्हणून देशभर गाजलं होतं. 1868 मध्ये रिचर्ड डनबार नावाच्या गृहस्थांनी इथल्या झऱ्याच्या पाण्यानं आपला मधुमेह बरा झाल्याचं जाहीर केलं आणि श्रीमंत माणसं आगगाडीनं इथे पाणी प्यायला येऊ लागली. पुढे 1893 च्या शिकागो जागतिक प्रदर्शनासाठी जेम्स मॅकएलरॉय या व्यावसायिकानं इथल्या झऱ्याचं पाणी नळानं थेट शिकागोला न्यायचं ठरवलं. मे 1892 मधल्या एका रात्री नळ टाकणाऱ्या मजुरांची गाडी स्टेशनात आली. गावात घंटा घणघणल्या. लोक पिस्तुलं, काठ्या, हाताला लागेल ते घेऊन धावले आणि मजुरांना आल्या पावली परत जावं लागलं. आमचं पाणी दुसऱ्या गावाला पळवू देणार नाही, ही भावना वॉकेशॉला कुणी शिकवायची गरज नव्हती. सव्वाशे वर्षांनी तेच गाव मागणारं झालं आणि दारात अडवून उभे राहिले ते दुसरे.

आता सरोवरांकडे वळू. सुपीरियर, मिशिगन, ह्युरन, ईरी आणि ऑन्टॅरिओ या पाच सरोवरांत मिळून जगातल्या जमिनीवरच्या गोड्या पाण्याचा सुमारे पाचवा हिस्सा आहे. या आकड्यानं भल्याभल्यांची फसगत होते. एवढं पाणी आहे तर थोडं दिलं म्हणून काय बिघडलं, असं कुणालाही वाटेल. पण पाऊस, बर्फ आणि नद्यांमधून या साठ्यात दर वर्षी भर पडते ती साधारण 1 टक्क्याची. बाकीचं पाणी हिमयुगाच्या अखेरीस वितळलेल्या बर्फाची ठेव आहे. 1 टक्का व्याज, उरलेलं सगळं मुद्दल. व्याजावर घर चालवायचं असेल तर किती खर्च करायचा याचा हिशेब पै-पैचा लागतो. आणि हे व्याजसुद्धा दर साली सारखं येत नाही. जानेवारी 2013 मध्ये मिशिगन आणि ह्युरनची पातळी नोंदी ठेवायला लागल्यापासूनच्या नीचांकाला गेली. ऑन्टॅरिओ प्रांतातल्या जॉर्जियन उपसागरात होड्यांचे धक्के पाण्यापासून दूर, कोरड्या खडकावर उभे राहिले. सात वर्षांनी, 2020 मध्ये, तीच सरोवरं विक्रमी चढली आणि काठावरच्या घरांखालची माती ढासळू लागली. अशा पाण्याबद्दल ‘भरपूर आहे’ एवढ्या दोन शब्दांवर निर्णय घेता येत नाही.

या काठावरच्या लोकांची भीती हवेतली नाही. तिला नाव आहे: शिकागो. शहराचं सांडपाणी सरोवरात जाऊन तेच पुन्हा प्यायच्या पाण्यात येत होतं, म्हणून शिकागोनं कालवा खणून आपली नदीच उलटी वळवली. जानेवारी 1900 मध्ये, खालच्या अंगाचं मिसुरी राज्य कोर्टात पोहोचायच्या आत, घाईघाईनं बांध फोडून कालवा सुरू केला. काठावरच्या कुणालाही विचारलं नाही. नंतर दशकानुदशकं खटले चालले. 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं इलिनॉय राज्याला मर्यादा घालून दिली ती 3,200 क्युसेकची. वर्षभराचा हिशेब केला तर हे जवळपास 100 टीएमसी होतात. म्हणजे आपलं कोयना धरण जवळजवळ पूर्ण भरेल इतकं पाणी दर वर्षी मिशिगन सरोवरातून निघून मिसिसिपीच्या खोऱ्यात जातं आणि परत येत नाही. मिशिगन-ह्युरनची पातळी यामुळे सुमारे 6 सेंटीमीटरनं कायमची खाली आहे. कॅनडानं 1940 च्या सुमारास उत्तरेकडच्या दोन नद्यांचं पाणी सुपीरियरमध्ये वळवलं आणि ते शिकागोनं नेलेल्या पाण्यापेक्षा जास्त भरतं, हेही खरं. पण एका खोऱ्याचं पाणी तोडून दुसऱ्याची तूट भरणं याला मी हिशेब जुळला असं म्हणणार नाही. उत्तरेकडच्या त्या नद्यांवरही माणसं राहत होती, मासे होते, जंगल होतं.

शिकागोनंतरही मागणाऱ्यांची रीघ थांबली नाही. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला सुपीरियरचं पाणी नळातून पश्चिमेकडच्या कोळसा खाणींपर्यंत नेऊन त्यात कोळशाची भुकटी कालवून वाहून आणायची योजना पुढे आली होती. 1998 मध्ये तर कमालच झाली. ऑन्टॅरिओच्या पर्यावरण खात्यानं सू सेंट मरी गावातल्या नोव्हा ग्रुप नावाच्या लहानशा कंपनीला परवाना दिला: सुपीरियरचं पाणी जहाजात भरून आशियात विकण्याचा, वर्षाला 60 कोटी लिटरपर्यंत. बातमी फुटताच दोन्ही देशांत असा ओरडा झाला की परवाना मागे घ्यावा लागला. 60 कोटी लिटर हा आकडा या सरोवरांपुढे थेंबाएवढाही नाही, पण लोकांनी आकडा पाहिलाच नाही. एकदा हे पाणी विकायचा माल ठरलं की मग पुढच्या गिऱ्हाइकाला कोणत्या तोंडानं नाही म्हणणार, हा प्रश्न त्यांनी धरला. आणि नेमका तोच धरला म्हणून पुढचा कायदा जन्माला आला.

हा कायदा म्हणजे आठ राज्यांचा करार. 2005 मध्ये त्यावर सह्या झाल्या, अमेरिकी काँग्रेसनं मंजुरी दिली आणि 8 डिसेंबर 2008 ला तो लागू झाला. नियम सरळ आहे: खोऱ्याबाहेर पाणी न्यायला बंदी. अपवाद मोजके. गाव धारेवर दोन्हीकडे पसरलं असेल तर एक सवलत. गाव पूर्ण बाहेर पण त्याची काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) धारेवर असेल तर दुसरी सवलत, आणि तिच्या अटी फार कडक: दुसरा कोणताही रास्त पर्याय नसावा, नेलेलं पाणी वापरून, शुद्ध करून परत आणावं आणि आठही राज्यपालांनी होकार द्यावा. एकानं जरी नकार दिला तरी अर्ज बाद. ही भीती कागदोपत्री नव्हती. 1992 मध्ये, आधीच्या कायद्याखाली, फ्लोराइडनं गांजलेल्या इंडियाना राज्यातल्या लोवेल गावाची मागणी मिशिगनचे राज्यपाल जॉन एंगलर यांनी एकट्यानं फेटाळली होती.

वॉकेशॉ या दुसऱ्या सवलतीतून आलेलं पहिलं गाव. म्हणून सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे. इथे जो पायंडा पडेल तो पुढच्या प्रत्येक गावाला लागू होणार होता.

विरोध करणाऱ्यांत पर्यावरण संघटना होत्या, काठावरच्या शहरांचे महापौर होते, आणि ज्यांनी कधी कुठल्या सरकारी कागदाला उत्तर दिलं नव्हतं असे हजारो सामान्य लोक होते. त्यांचे आक्षेप बरेच होते, पण मला सर्वांत वजनदार वाटतो तो नकाशाचा आक्षेप. वॉकेशॉनं पाणी मागितलं ते फक्त शहरासाठी नाही. अर्जातलं ‘सेवा क्षेत्र’ शहराच्या हद्दीबाहेर पसरलं होतं, शेजारच्या टाउनांचे, म्हणजे शहराबाहेरच्या स्थानिक वस्त्यांचे, तुकडे त्यात धरले होते. त्या भागांत रेडियमचं संकट असल्याचं अर्जानं दाखवलं नव्हतं, आणि तिथल्या बऱ्याच घरांच्या स्वतःच्या विहिरी बऱ्या चालल्या होत्या. शहराचं उत्तर असं की विस्कॉन्सिनच्या कायद्यानं पाण्याचं क्षेत्र सांडपाण्याच्या आखलेल्या क्षेत्राशी जुळावं लागतं, आम्ही काय करणार? उत्तर कायद्यात बसत असेल, पण प्रश्न तसाच राहतो. टंचाईग्रस्त म्हणून पाणी मागायचं आणि नकाशा मात्र उद्याच्या प्लॉटिंगचा जोडायचा, हा प्रकार आपल्याकडे कुणी पाहिला नाही असं नाही. शहराचा तेव्हाचा वापर दिवसाला साडेसहा दशलक्ष गॅलनच्या आसपास होता, मागणी मात्र 10.1 दशलक्ष गॅलनची. मधला फरक तहानेचा नव्हता, वाढीचा होता.

दुसरा आक्षेप पर्यायाचा. विहिरींवरच रेडियम काढायची यंत्रणा बसवता येते आणि ते स्वस्त पडतं, असा तांत्रिक अहवाल विरोधी संघटनांनी 2015 मध्ये तज्ज्ञांकडून करून घेतला. शहर म्हणालं, रेडियम काढलंत तरी घसरणारी पातळी कशी वर आणणार? इथे दोन्ही बाजूंत तथ्य होतं. पर्याय ‘रास्त’ आहे की नाही हे ठरवायला कायद्यात मोजपट्टी नाही, त्यामुळे हा वाद कुणी जिंकला असं म्हणता येत नाही.

तिसरा आक्षेप रसीनचा. वॉकेशॉचं शुद्ध केलेलं सांडपाणी रूट नदीत सोडायचं ठरलं, आणि ही नदी रसीन शहराच्या मध्यातून वाहत सरोवराला मिळते. शरद ऋतूत सरोवरातले साल्मन याच नदीतून वर चढतात, काठावर गळ टाकून बसलेली माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी असतात. तेव्हाचे महापौर जॉन डिकर्ट यांनी उघड विरोध केला. पाणी नेणार मिलवॉकीच्या बाजूनं, वापरणार वॉकेशॉ आणि नळाचं शेवटचं टोक आमच्या दारात, ही तक्रार समजायला अवघड नाही.

हे सगळे आक्षेप जिथे मांडले गेले तिथे कॅनडा कुठे बसला होता, हे पाहण्यासारखं आहे. सरोवरं दोन देशांची, पण मिशिगन सरोवर पूर्णपणे अमेरिकेच्या हद्दीत. 11 जानेवारी 1909 ला अमेरिका आणि ब्रिटन (तेव्हा कॅनडाच्या वतीनं सही ब्रिटन करत असे) यांच्यात सीमेवरच्या पाण्याचा करार झाला. त्यात ‘सीमाजल’ म्हणजे ज्याच्यातून सीमारेषा जाते तेच पाणी. त्यामुळे मिशिगन त्या व्याख्येतून सुटलं. निसर्गाला ही व्याख्या मान्य नाही. मॅकिनॉकच्या सुमारे 8 किलोमीटर रुंद सामुद्रधुनीनं मिशिगन आणि ह्युरन जोडलेले आहेत, दोघांची पातळी एकच आहे, आणि जलशास्त्राच्या दृष्टीनं ते एकच सरोवर आहे. मिशिगनमधून काढलेली बादली ह्युरनमधूनही तितकीच कमी होते आणि ह्युरनचा अर्धाअधिक काठ ऑन्टॅरिओचा आहे.

राज्यांनी ही उणीव भरून काढायचा प्रयत्न केला, पण अमेरिकी राज्यघटनेनुसार राज्यांना परदेशाशी तह करता येत नाही. म्हणून कागद दोन झाले. एक आठ राज्यांमधला, कायद्याचं बळ असलेला. दुसरा ऑन्टॅरिओ आणि क्वेबेकला धरून, सदिच्छेवर चालणारा. वॉकेशॉच्या प्रकरणात या दोन प्रांतांना अर्ज तपासायचा, मत मांडायचं, अटी सुचवायचा हक्क होता. नकाराधिकार मात्र नव्हता. ज्यांच्या धक्क्यावर 2013 मध्ये पाणी उरलं नव्हतं, त्यांच्या हाती शिफारस होती आणि मत आठ राज्यपालांकडे. या संपूर्ण प्रकरणात मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट हीच आहे. बाकी सगळ्यावर वाद होऊ शकतो. यावर होऊ शकत नाही.

मे 2016 मध्ये राज्यं आणि प्रांत यांच्या संयुक्त मंडळानं आपला निष्कर्ष दिला. 21 जून 2016 ला शिकागोमध्ये आठही राज्यांनी एकमतानं होकार दिला. वृत्तपत्रांचे मथळे वॉकेशॉ जिंकल्याचे होते. आदेश वाचला तर चित्र वेगळं दिसतं. 10.1 दशलक्ष गॅलनचे 8.2 झाले. शेजारच्या टाउनांचा मोठा भाग नकाशातून वगळला आणि पाणी बहुतांशी शहराच्या हद्दीपुरतं राहिलं. जितकं न्याल तितकं परत सोडा, दर वर्षी हिशेब द्या, रूट नदीची किमान 10 वर्षं शास्त्रीय देखरेख ठेवा. नकाशाचा आक्षेप, मागणीचा आक्षेप, रसीनचा आक्षेप: प्रत्येकाची खूण आदेशात दिसते. विरोध नसता तर यातली एकही ओळ आपोआप लिहिली गेली असती यावर माझा विश्वास नाही.

विरोध तिथे थांबलाही नाही. दोन्ही देशांतल्या 120 हून जास्त शहरांच्या महापौरांच्या संघटनेनं निर्णयाला आव्हान दिलं. 2017 मध्ये सुनावणी झाली, आव्हान फेटाळलं गेलं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तडजोड झाली: महापौर कोर्टात जाणार नाहीत, राज्यांचं मंडळ पुढच्या अर्जांसाठी आपली कार्यपद्धती नव्यानं तपासेल. मग वॉकेशॉनं आधी ठरलेल्या ओक क्रीक शहराऐवजी मिलवॉकीकडून पाणी घ्यायचं ठरवलं, तीस मैलांहून लांब नळ जमिनीखाली गेले, सुमारे 28.6 कोटी डॉलर खर्च झाले आणि 9 ऑक्टोबर 2023 ला शहराच्या नळांना सरोवराचं पाणी आलं. रेडियमचा प्रश्न सुटला, आणि ते चांगलंच झालं.

ज्यांना वाटतं की एवढा गहजब उगाच केला, त्यांनी त्याच काळातली दोन उदाहरणं वॉकेशॉच्या शेजारी ठेवून पाहावीत. 2018 मध्ये विस्कॉन्सिनमधल्याच माउंट प्लेझंट इथल्या फॉक्सकॉनच्या कारखान्यासाठी दिवसाला 7 दशलक्ष गॅलन मागितले गेले. ते गाव धारेवर दोन्हीकडे पसरलेलं, म्हणून पहिली, ढिली सवलत लागू झाली. बाकी राज्यांना विचारायचं कारणच नव्हतं. जानेवारीत अर्ज, एप्रिलमध्ये एकट्या विस्कॉन्सिनची मंजुरी. कायद्यात ही सवलत ‘मुख्यतः घरगुती’ पाणीपुरवठ्यासाठी आहे, मग कारखान्याला कशी, हा आक्षेप 2019 मध्ये टिकला नाही. अर्जदार होतं रसीन शहर, तेच रसीन. मला याचं वाईट वाटतं, कारण दोन वर्षांपूर्वी त्यांनी मांडलेला मुद्दा बरोबर होता.

दुसरं उदाहरण इलिनॉयमधल्या जोलिएटचं. दीड लाख वस्तीचं शहर, वॉकेशॉसारखाच आटत चाललेला खोल खडक. 2021 मध्ये त्यांनी शिकागोकडून सरोवराचं पाणी घ्यायचं ठरवलं, 2030 च्या सुमारास ते येईल. पाणी परत सोडायची अट नाही, आठ राज्यपालांची परवानगी नाही. कारण ते शिकागोच्या जुन्या 3,200 क्युसेकच्या वाट्यातून जाणार.

वॉकेशॉचा पावणेतेरा क्युसेक हा शिकागोच्या वाट्याचा जेमतेम अडीचशेवा भाग. तरी त्याच्या प्रत्येक थेंबाची नोंद होते, कारण तो विचारून घेतलेला आहे. रूट नदीच्या पाण्याचे नमुने त्या 10 वर्षांच्या अटीप्रमाणे घेतले जात आहेत. फॉस्फरस किती, तापमान किती, प्राणवायू किती, आणि शरदात साल्मन पूर्वीसारखे वर चढतात की नाही, हे त्या नोंदींवरून कळेल.